शिक्षा विक्रेत्याला, उपचार मुलाला

दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडला म्हणून मुलाला शाळेतून काढून टाकणे आम्हाला मान्य नाही. 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घातली; तरीही फळांच्या चवीची ही उपकरणे पानटपरीपासून समाजमाध्यमांपर्यंत मिळतात.

दाखला हाती दिल्याने सवय सुटत नाही, ती लपवली जाते. निकोटिन थांबल्यावर येणारी चिडचिड, झोपमोड, अभ्यासात न लागणारे मन याला उद्धटपणा समजू नये. त्या दिवसांत मुलाजवळ समुपदेशक हवा.

शिक्षण विभागाने 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावा. पोलिसांनी दप्तरे उपसण्याऐवजी पुरवठादार गाठावेत. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे, ती वापरावी.