अम्मी बाकावर, मुले आत

लग्न, दवाखाना, ताजबाग, खरेदी या ना त्या कारणाने भंडाऱ्याहून नागपूरला जाणे होतच असते. अंतर साधारण 60 किलोमीटर. त्यातून वेळ काढून काही पालक मुलांना रमण विज्ञान केंद्र दाखवतात, ही चांगली गोष्ट. पण एक चित्र खटकते. अब्बू मुलांना घेऊन आत जातात आणि अम्मी, दादी पिशव्या सांभाळत बाहेर बाकावर बसतात. "आम्हाला त्यातलं काय कळतं?" असे त्यांचे म्हणणे.

भगिनींनो, बरेच कळते! 1992 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात तारांगणही आहे. तिथे दादीला मुलांशेजारी बसवा. बाहेर आल्यावर मुलांना विचारू द्या, "दादी, ईदचा चांद कुठे शोधायचा?" दादी सांगेल, मगरिबच्या वेळी, पश्चिमेला, आणि लवकर, कारण तो थोडाच वेळ दिसतो. का, ते मूल सांगेल: अमावास्येनंतर चंद्र आकाशात सूर्याच्या जवळ असतो, म्हणून त्याच्या मागोमाग मावळतो.

मग विचारा, रमजान कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात का येतो? चांदचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे बारा महिन्यांचे 354 दिवस. सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 1998 चे रोजे जानेवारीच्या थंडीत होते. 1986 मध्ये मे महिन्यात सुरू झालेला रमजान 33 वर्षांनी, 2019 मध्ये, पुन्हा मे महिन्यात आला. हा हिशेब मूल वहीत मांडेल. दादीने तो रोजे ठेवून अनुभवला आहे.

सिव्हिल लाइन्समधल्या 1863 च्या अजब बंगल्यातही तेच. पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर मूल पाटी वाचेल. तो पक्षी धानाच्या बांधीत कधी उतरतो, हे शेतात राबलेली नानी सांगेल.

म्हणून सगळी दालने एका दिवसात उरकू नका. दोनच पाहा, पण सगळे मिळून. "चला, पुढे चला" अशी घाई करू नका. उत्तर आले नाही तर "घरी जाऊन शोधू" म्हणा आणि खरेच शोधा. अम्मी प्रश्न विचारते हे मुलीने पाहिले, की वर्गात हात वर करायला तिला संकोच वाटत नाही.