संगणकाचें कॅबिनेट

संगणक घेतांना आमचे विद्यार्थी प्रोसेसराची चौकशी बारकाईनें करितात. कॅबिनेट मात्र कांच व रंगीत दिवे पाहून पसंत करितात. हें आम्हांस उफराटें वाटतें. १९९५ सालीं इंटेलनें ठरविलेल्या एटीएक्स मापाचे, म्हणजे ३०५ × २४४ मिलिमीटरांचे, मदरबोर्ड आजही निघतात. सबब एकाच चांगल्या कॅबिनेटांत आंतील यंत्र दोन-तीनदां पालटतां येतें. थंड हवा समोरून आंत यावी व तापलेली मागून आणि वरून निघून जावी, हें त्याचें मुख्य काम. समोर अखंड कांच बसविल्यावर पंख्यांनीं हवा ओढावी कोठून? तेथें जाळी हवी, आणि काढून धुतां येईल असा धुळीचा फिल्टरही हवा. आपल्याकडील उन्हाळ्यांत तर अवश्यच. दिव्यांचे पैसे पालकांनीं १२० मिलिमीटरांच्या आणखी एका पंख्यास द्यावेत.