‘बुडालेल्या’ हप्त्याचा हिशेब

‘वर्षाला वीस-बावीस हजार भरायचे आणि कोणी आजारी पडलं नाही तर ते बुडाले. त्यापेक्षा तेवढेच पैसे दरवर्षी बाजूला टाकू. वेळ आली तर वापरू, नाही आली तर आपलेच.’ शिंपी, इलेक्ट्रिशियन, लग्नाचे फोटो काढणारा, घरबसल्या भाषांतरं करणारी, पोळीभाजी केंद्र चालवणारी, ज्यांच्या घरात पगाराची पावती येत नाही अशा कुणाकडेही मेडिक्लेमचा विषय काढा, हे ऐकायला मिळतं. हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. मालाच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याने हप्त्याचाही ठेवावा. फक्त तो अर्ध्यावर सोडू नये.

दरवर्षी 20,000 रुपये मुदत ठेवीत टाकले तर दहा वर्षांनी, सात टक्के व्याज धरूनसुद्धा, हाती तीन लाखांच्या आत रक्कम येते. शहरातल्या खासगी रुग्णालयात बायपासचं बिल त्या रकमेत बसेलच असं नाही. शिवाय आजार दहाव्या वर्षाची वाट बघत नाही; तिसऱ्या वर्षी आला तर हाती असतात साठ-पासष्ट हजार. आणि धंद्याच्या घरात बाजूला टाकलेले पैसे बाजूला राहतात कुठे? दिवाळीआधी माल भरायचा असतो, गाळ्याची अनामत वाढलेली असते, मुलीच्या प्रवेशाची तारीख आलेली असते. आजारपणासाठी ठेवलेली रक्कम यापैकी कशात तरी जिरते, आणि ते गैरही म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबात येतच नाही. नोकरदार दवाखान्यात पडला की निदान काही दिवस पगारी रजा असते. दुकानदार पडला की शटर खाली येतं. एकीकडे बिल वाढतं, दुसरीकडे गल्ला बंद, आणि तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायला शिकलेलं असतं. ‘आम्हाला विमा परवडत नाही’ असं सर्वांत ठामपणे म्हणणाऱ्या माणसालाच विम्यावाचून आजारपण सर्वांत कमी परवडतं.

तरीही बचतवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि विमा विकणारे ते दडवतात. दोन दिवसांच्या तापाच्या बिलासाठी विमा घेणं महागच पडतं. लहान खर्च शिल्लकीने पेलावा, मोठ्यासाठी विमा असावा. याची सोयही बाजारात आहे, तिचं नाव सुपर टॉप-अप. वर्षभरातला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही करायचा (स्वतःच्या पैशातून किंवा दुसऱ्या लहान पॉलिसीतून), त्यापुढचा कंपनी करणार. ती रेषा तीन किंवा पाच लाखांवर ठेवली की वरच्या मोठ्या रकमेचा हप्ता बराच उतरतो, कारण तिथवर जाणारी बिलं थोडी असतात. मात्र ‘सुपर’ हा शब्द बघून घ्या. साधा टॉप-अप प्रत्येक आजाराचं बिल सुटं मोजतो. वर्षात दोन-दोन लाखांची तीन बिलं झाली आणि रेषा पाच लाखांची असेल, तर साधा टॉप-अप एक पैसाही देणार नाही. सुपर टॉप-अप तिन्हींची बेरीज करून वरचा एक लाख देईल. पाच लाखांची साधी पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, ही जोडी पंचवीस लाखांच्या एका पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. एजंट ती आपणहून क्वचितच सुचवतो, कारण कमिशन हप्त्यावर मिळतं.

आता ‘सर्वांत कमी हप्ता कुणाचा?’ या प्रश्नाकडे. खरा घोळ इथे होतो. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. दवाखान्यात त्या दराची खोली रिकामी नाही, म्हणून 6,000 ची घेतली. माणूस धरून चालतो की रोजचे वरचे तीन हजार आपण भरायचे. तसं होत नाही. खोलीचा दर्जा वाढला की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही चढतात, म्हणून कंपनी या सगळ्याच रकमा त्याच प्रमाणात कापते. 2,40,000 च्या बिलात औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे 80,000 असतील तर त्यांना ही कात्री लागत नाही. उरलेल्या 1,60,000 चे निम्मेच मिळतात. म्हणजे 80,000 खिशातून. हप्त्यात वर्षाला दोन-तीन हजार वाचवल्याचं हे फळ. 2020 साली आलेली ‘आरोग्य संजीवनी’ याच नजरेने पाहावी. कंपनी कोणतीही असो, अटी सारख्या. त्यामुळे हप्त्यांची तुलना सरळ होते, हा तिचा मोठा गुण. पण तिच्यातही खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के आणि जास्तीत जास्त 5,000, शिवाय प्रत्येक दाव्यातला पाच टक्के वाटा आपला. तालुक्याच्या गावी ती उत्तम चालेल. मुंबईत आखूड पडेल.

‘पण सरकार पाच लाख देतंय ना?’ देतंय, आणि ते घ्यायलाच हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला मिळणारं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेलं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत उत्पन्नाची अट न घालता लागू आहे. ज्याचा हप्ता खरोखरच भरून होणार नाही त्याने आधी ही कागदपत्रं करावीत, विमा नंतर. पण योजना चालते ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयांत. आपला आजार यादीत आहे का आणि जवळचं रुग्णालय योजनेत आहे का, हे रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही. आजच योजनेतल्या एखाद्या रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारून ठेवावं.

‘पन्नाशीला घेऊ’ म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि 2024 मध्ये वयाची 65 ची अट गेली असली तरी कुणालाही पॉलिसी द्यायलाच हवी असं बंधन कंपनीवर नाही.

कंपन्या दावे नाकारतात, हा राग मात्र खरा आहे. नाकारण्याचं ठरलेलं कारण म्हणजे आजार लपवल्याचं. अर्ज भरताना ‘शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल’ असं सांगणारा एजंट दावा फेटाळला जातो तेव्हा फोन उचलत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला हे कारण पुढे करता येत नाही. पण तिसऱ्या वर्षी स्टेंट बसला तर या नियमाचा काय उपयोग? तेव्हा लिहावं, सगळं लिहावं. इतकं करूनही दावा अडला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि महिनाभरात तड लागली नाही तर विमा लोकपालाकडे जावं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, आणि मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत. आश्चर्य म्हणजे विम्याला शिव्या देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी हे नावही ऐकलेलं नसतं.

राहिला दराचा मुद्दा. कंपनीतल्या नोकरदाराला गट विमा मिळतो, त्यात बहुधा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, कारण त्याच्या वतीने घासाघीस करणारा मालक मोठा गिऱ्हाईक असतो. स्वतंत्र काम करणाऱ्याच्या वतीने बोलणारं कोणी नाही. फक्त विम्यासाठी गट बांधायला नियमात परवानगी नाही, पण व्यापारी संघ, छायाचित्रकारांची संघटना, वकिलांचे बार असोसिएशन हे आधीपासून आहेतच. स्नेहसंमेलनाचा मांडव घालणाऱ्या कार्यकारिणीने दोन-तीन कंपन्यांकडून गट पॉलिसीचे दर मागवायला काय हरकत आहे? संघटना उद्या विस्कटली तर पॉलिसी सुटेल, म्हणून घरची लहान पॉलिसी सोडू नये, एवढं पथ्य.

इथे सरकारचीही एक विसंगती आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला, गट विमा मात्र वगळला. नोकरदारांच्या गटाचं मालक बघून घेईल; पण शिंप्यांच्या संघटनेने मिळून घेतलेल्या पॉलिसीवर कर कशासाठी? जुलै 2024 मध्ये नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना जीएसटी काढण्याबद्दल पत्र लिहिलं होतं. त्या एका पत्राने कर गेला असं नाही, पण चौदा महिन्यांत तो गेला. पुढचं निवेदन स्वयंरोजगारवाल्यांच्या संघटनांनी गट विम्याबद्दल द्यावं, आणि ते पुढच्या अर्थसंकल्पाआधी द्यावं.