बाटलीला रँक नसते

फौजी माणसाने रम सोडून वाइनवर लिहायचं म्हणजे कोर्समेट्सच्या ग्रुपवर आठवडाभर टिंगल ठरलेली. होऊ दे. पण "आपली देशी लाल वाइन टिकत नाही, जुनी करायच्या भानगडीत पडू नये" हे वाक्य मी देवळालीपासून जोधपूरपर्यंत प्रत्येक मेसमध्ये ऐकलंय. बोलणाऱ्याचा हुद्दा जितका मोठा, तितका आवाज ठाम. आज त्या वाक्यावरच तोफ डागायची आहे.

2019 च्या डिसेंबरात बंगळुरूला एका कोर्समेटच्या घरी आम्ही सात जण जमलो होतो. तो तिथलाच, नंदी हिल्सच्या द्राक्षांचा कट्टर अभिमानी. मी नाशिकचा, दिंडोरी तालुक्यातला. वीस वर्षांचं भांडण एकदाचं मिटवायचं ठरलं. दोघांनी आपापल्या मुलखातल्या 2008 च्या हंगामाच्या दोन-दोन बाटल्या आणल्या. त्याची कॅबर्ने आणि शिराजच्या मिश्रणाची, माझी निव्वळ शिराज.

चारही बाटल्या 11 वर्षांच्या, पण त्यांची सर्व्हिस सारखी नव्हती. त्याची एक बाटली गार कपाटात आडवी झोपलेली. दुसरी दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, ट्रॉफ्यांच्या रांगेत उभी. माझी एक गावच्या वाड्याच्या तळघरात, वाळूत पुरलेली. दुसरी मात्र माझ्याबरोबर काळ्या ट्रंकेत फिरली. मे महिन्यात मालगाडीचा डबा, मग जोधपूरचे दोन उन्हाळे, मग बबीना. मला वाटायचं, माझ्यासारखीच ती पोस्टिंग काढून तयार झाली असेल.

पहिल्या फेरीत लेबलं दिसत होती. आमच्यातले निवृत्त ब्रिगेडियरसाहेब एक घोट घेऊन म्हणाले, "शोकेसवाली. क्लास आहे." मग काय, सगळ्यांनाच तिच्यात क्लास दिसायला लागला. मलाही दिसला, खोटं कशाला बोलू?

तेव्हा वहिनींनी सूत्रं हातात घेतली. आत जाऊन चारही बाटल्यांना ऑलिव्ह ग्रीन मोजे चढवले, नंबर लावले आणि म्हणाल्या, "आता सर्वांत ज्युनियर आधी बोलेल." कोर्ट मार्शलमध्ये सर्वांत कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेतात, कारण वरिष्ठ आधी बोलला की बाकीच्यांची मतं आपोआप सलाम ठोकतात. कायदा करणाऱ्यांना माणूस कळला होता. आपण मात्र मेसच्या दारात तो शहाणपणा टोपीबरोबर काढून ठेवतो.

आमचा तरुण कॅप्टन तीन नंबरचा ग्लास हुंगून चाचरत म्हणाला, "सर, ही... उन्हात विसरलेल्या मनुकांसारखी लागतेय. शेवटी आंबूस." मोजा काढला तर माझी ट्रंकवाली निघाली. शोकेसवाली तिच्या शेजारीच, तळाला. ज्या ब्रिगेडियरसाहेबांनी तिला क्लास दिला होता, त्यांनीच मोज्यात तिला शेवटचा नंबर दिला. ते मनमोकळं हसले, हा त्यांचा मोठेपणा.

वरच्या दोन जागा मिळाल्या गार कपाटातल्या नंदी हिल्सला आणि तळघरातल्या नाशिकला. रंग जांभळ्याचा वीटकरी झालेला, तळाला गाळ, तुरटपणा मऊ पडलेला, आणि तरी फळाची चव शाबूत. मतं पडली चारास तीन. नाशिककर म्हणून जीभ चावून लिहितो, चार नंदी हिल्सला होती.

पण खरा निकाल तो नव्हेच. पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत एका मताचं अंतर होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीत मात्र जमीन-अस्मानाचं. आपण ज्याला दोन मुलखांचा सामना म्हणत होतो, तो निघाला दोन कपाटांचा. लाल वाइन मुरते म्हणजे तिच्यातले तुरट घटक आणि रंगद्रव्यं सावकाश एकमेकांना धरतात आणि गाळ होऊन बसतात. हे काम 12 ते 14 अंशांच्या गारव्यात, अंधारात व्हावं लागतं. उष्णतेत तेच काम घाईने आणि वेडंवाकडं होतं. तापमान खाली-वर झालं की बुचाच्या कडेने हवा शिरते. बाटली उभी ठेवली तर बूच सुकतं. मग बोर्दोची महागडी बाटली असली तरी जोधपूरच्या ट्रंकेत तीही मरेल.

"तुमची वाइन टिकणार नाही" हा टोमणा आपल्यालाच मिळाला असंही नाही. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियरने लेबलं झाकून चव घ्यायला लावली. नऊ परीक्षक, सगळे फ्रेंच. लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची 1973 ची स्टॅग्ज लीप. बोर्दोची 1970 ची मूटाँ रॉथशिल्ड दुसरी. तेव्हा फ्रेंचांची समजूत अशी की कॅलिफोर्नियाची वाइन तरुणपणी गोड बोलते, म्हातारपणी बोर्दोच खरी. तीस वर्षांनी, 2006 ला, त्याच जुन्या लाल वाइन पुन्हा झाकून चाखल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या! पहिली आलेली 1971 ची रिज माँटे बेलो 1976 मध्ये पाचवी होती.

यावरून आपली शिराज तीस वर्षं टिकेल असा दावा मी करणार नाही. आपल्याकडची बरीचशी लाल वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. शिवाय आपली गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, चढत्या उन्हात पिकतात. युरोपात ती उतरत्या उन्हात पिकतात. तो फरक पेल्यात उतरणारच. माझं म्हणणं एवढंच की, तपासल्याशिवाय शिक्षा सुनावू नका.

कारण ही शिक्षा कोणीतरी भोगतं. माझी ती शिराज चुलतभावाच्या बागेतली होती. 2008 च्या मंदीनंतर त्याचा माल उचलायला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी त्याने वेली उपटल्या आणि खाण्याच्या द्राक्षांची बाग लावली. मंदी मेसमधल्या वाक्यामुळे आली नाही, हे मलाही कळतं. पण देशी माल दुय्यमच असं आपण न चाखता म्हणत राहिलो, तर पडत्या काळात त्या शेतकऱ्याच्या मागे उभं कोण राहणार?

त्या रात्री त्याला फोन करून सांगितलं, "दादा, तुझी बाटली एका मताने हरली."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे जिवंत होती?"

"होती."

"मग बास."

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी दोन मुलखांची झुंज लावाल तेव्हा एकच वर्ष घ्या, बाटल्या कुठे राहिल्या ते आधी विचारा, मोजे चढवा आणि सर्वांत ज्युनियरला आधी बोलू द्या. ब्रिगेडियरसाहेबांनी शेवटी बोलावं. आमच्यावाल्यांना ते आता मान्य आहे.