दातांच्या तारा फक्त मुलींनाच का?

मुलीचे दात पुढे असले की घरात बोलणं सुरू होतं ते ती नववी-दहावीत गेल्यावर, आणि बोलणं दातांचं नसतं, स्थळांचं असतं. मुलाचे दात पुढे असले तर विषयच निघत नाही. ‘मिशा आल्या की झाकतील,’ असं एका दादीने मला हसत सांगितलं होतं. पण पुढे आलेले दात पडल्या-आपटल्यावर आधी तुटतात, आणि आमच्याकडे दिवसभर मैदानावर असतो तो मुलगाच. दात वेडेवाकडे असले की घासताना अन्न अडकतं, कीड लागते. कीड काही मुलगा-मुलगी बघत नाही.

आया मला दुसरा प्रश्न विचारतात तो जरा दबक्या आवाजात. ‘आपा, हे जायज आहे ना?’ केवळ शोभेसाठी दात कानसून फटी पाडण्याचा हदीसमध्ये निषेध आहे, हे खरं. पण अरफजा बिन असद या सहाबींची हकिकतही हदीसमध्येच आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक गेलं. चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. एरवी पुरुषांना सोनं मना आहे! व्यंग दुरुस्त करणं आणि नटणं यातला हा फरक उलेमांनी कधीच स्पष्ट केलेला आहे. तेव्हा तो प्रश्न मिटवून पैशांकडे वळावं.

सध्या जाहिराती सगळ्या पारदर्शक अलायनरच्या. दिसत नाहीत, जेवताना काढता येतात. काढता येतात हीच तर मेख आहे. ते दिवसाचे वीस ते बावीस तास दातांवर असावे लागतात. ज्या मुलाची पाण्याची बाटली महिन्यातून दोनदा हरवते, तो अलायनर कागदात गुंडाळून डब्याशेजारी ठेवणार आणि कागदाबरोबर कचऱ्यात टाकणार. सहावी-सातवीच्या मुलाला चिकटवलेली धातूची तारच बरी, असं माझं मत आहे. सिरॅमिकची कमी दिसते, पण महाग आणि ठिसूळ. खालचा जबडा मागे असेल तर मात्र वाढीचं वय निसटू देऊ नये. तेव्हा जे साध्या उपकरणाने जमतं, त्याला पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते. तपासणी, तारा नव्हे.

बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडेच जावं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगीपेक्षा स्वस्तात होतात. मात्र दीड-दोन वर्षं, दर महिन्या-दीड महिन्याला फेरी असते. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरा. तारा निघाल्यावर रिटेनर लागतो, त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारा. रिटेनर न लावल्यास दात परत सरकतात आणि सगळा खर्च पाण्यात.

तारा नव्या असताना काही मुलांचे ‘स’ आणि ‘ज़’ फसतात, प्लेट असेल तर जास्तच. अशा मुलाला मी काही दिवस मोठ्याने नज़्म म्हणायला उभं करत नाही. जीभ आपली वाट शोधते.