भिशीच्या पैशांत व्हिडिओ गेम

गेल्या महिन्याच्या टपालातलं एक पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणारी बाई तालुक्याच्या गावची. मुलगा आठवीत. रोज संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगमध्ये मित्राकडे व्हिडिओ गेम खेळायला जातो. परवा त्या मित्राची आई जिन्यात भेटली आणि हसत म्हणाली, "तुमच्या मुलाचं नाव आता आमच्याच रेशनकार्डावर घालायचं राहिलंय!" बोलणं थट्टेचं, पण लागायचं ते लागलं. मुलाला 'जाऊ नको' म्हटलं, तर तो घरात बोलायचाच बंद झाला. पुढे त्या लिहितात, "ताई, माझा भिशीचा नंबर लागलाय. तीस हजार हातात येतील. सासूबाई म्हणतात, एवढ्यात घरघंटी येईल. मला यातलं ओ का ठो कळत नाही. दुकानदार फसवील अशी भीती वाटते. काय करू?"

घ्यायचं की नाही, हे तुमचं घर ठरवील. घ्यायचंच ठरलं, तर पैसा वाया जाऊ नये एवढं मात्र मी सांगू शकते. कारण आमच्याकडे हे यंत्र आलं तेव्हा मी स्वतः फसले होते. ते पुढे सांगतेच.

आधी ओळख करून घेऊ. टीव्हीला जोडायचा जो डबा, त्याला कन्सोल म्हणतात. हातात धरायचा तो कंट्रोलर. आपल्यापैकी अनेकींच्या माहेरी नव्वदच्या दशकात भाऊ कॅसेट घालून मारिओ आणि काँट्रा खेळायचे, त्याचंच हे मोठं झालेलं रूप. आज मुलांच्या तोंडी नावं असतात ती सोनीच्या प्लेस्टेशनची, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची आणि निन्टेंडोच्या स्विचची.

नव्याचा भाव ऐकून दचकू नका. प्लेस्टेशन फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याकडे आला तेव्हाच ४९,९९० रुपयांना होता, आणि पुढे भाव चढलेच. एक्सबॉक्स सिरीज एस हे लहान यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आलं. म्हणजे भिशीच्या तीस हजारांत कोरं यंत्र बसवणं कठीण. मग काय करायचं?

नव्या शिकणाऱ्याला जुना प्लेस्टेशन फोर पुष्कळ झाला. तो २०१३ साली निघाला, त्याची आटोपशीर 'स्लिम' आवृत्ती २०१६ साली. घराघरांतून तो आता विकायला निघालाय. नव्या मोठ्या खेळांपैकी बरेच आता त्यावर येत नाहीत हे खरं, पण मागच्या दहा-बारा वर्षांत आलेले खेळ एका मुलाला कॉलेजात जाईपर्यंत संपायचे नाहीत. शिवाय उद्या पैसे साठवून डिस्कवाला प्लेस्टेशन फाइव्ह घेतलात, तर फोरच्या बहुतेक सगळ्या डिस्क त्यावरही चालतात. घेतलेलं फुकट जात नाही.

डिस्कचं महत्त्व इथेच आहे. काही यंत्रांना डिस्क घालायची फटच नसते. एक्सबॉक्स सिरीज एस तसलंच, प्लेस्टेशन फाइव्हची 'डिजिटल' आवृत्तीही तशीच. त्यावर प्रत्येक खेळ इंटरनेटवरून विकत घ्यायचा, आणि घेतला की तो पुन्हा विकता येत नाही. डिस्क म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकांसारखी. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घ्यायची, वर्ष झालं की खालच्याला द्यायची. समजा, बाराशेला घेतलेली डिस्क खेळून झाल्यावर नऊशेला विकली. खेळ पडला तीनशेला! प्लेस्टेशन फाइव्हचा नवाकोरा मोठा खेळ पाच हजारांपर्यंत जातो, म्हणून हा हिशेब.

एक्सबॉक्सला 'गेम पास' नावाची वर्गणी आहे. ती फिरत्या वाचनालयासारखी. महिन्याचे पैसे भरा, कपाटातलं हवं ते वाचा; वर्गणी थांबली की पुस्तकं परत. भराभर वाचणाऱ्याला परवडते. पण २०२५ साली ती बरीच वाढली, आणि मुलगा एकच खेळ सहा महिने घोळत बसणारा असेल तर नुकसानच.

आणखी एक. बाजारात दोन-तीन हजारांना 'दहा हजार गेम'वाली काडी मिळते. त्यावर जुने, नक्कल केलेले खेळ असतात. मुलगा मित्राकडे जे खेळतो ते त्यात नसतं. त्याचा हिरमोड होईल आणि तुमचे पैसे जातील.

आता माझी फजिती. दुकानात जुनं यंत्र लावून दाखवलं, खेळ झकास चालला. घरी आणून डिस्क घातली, तर ती आत जाईचना! दुकानात चालला तो खेळ यंत्रात आधीच साठवलेला होता. दुरुस्तीला गेले ते वेगळेच. तेव्हा मैत्रिणींनो, जुनं घेताना अर्धा तास हातात ठेवून जा, मुलालाही बरोबर न्या, आणि एवढं बघाच:

१. स्वतःची एक डिस्क नेऊन घालून पाहा. ती आत गेली पाहिजे, खेळ सुरू झाला पाहिजे आणि डिस्क बाहेरही आली पाहिजे.

२. वीस मिनिटं चालू ठेवा. पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला, तर आत धूळ साठलेली आहे.

३. कंट्रोलरला हात न लावता पडद्याकडे बघा. खूण आपोआप सरकत असेल तर त्याच्या दांड्या झिजल्यात.

४. एचडीएमआय वायर खोचून हलकेच हलवा. चित्र जाता कामा नये. घरच्या टीव्हीलाही ती जागा आहे ना, ते निघण्यापूर्वी बघून ठेवा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांच्या टीव्हीला हे यंत्र थेट जोडता येत नाही.

५. जुन्या मालकाचं खातं काढून टाकायला लावा आणि तुमच्या खात्याने इंटरनेटवर आत शिरता येतं का ते तिथेच पाहा. काही यंत्रांवर कंपनीने बंदी घातलेली असते. ती स्वस्तात मिळतात ती त्यामुळेच.

६. बिल आणि निदान महिन्याची हमी लिहून घ्या. तोंडी नको.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. दुसरा कंट्रोलर लागतो, नवा घेतला तर पाच-सहा हजार जातात. दोन-तीन डिस्कचे पैसेही बाजूला ठेवा. फोर्टनाइट, रॉकेट लीग, फॉल गाइज हे खेळ फुकट आहेत, आणि ते इंटरनेटवर खेळायला वेगळी वर्गणी पडत नाही. मात्र त्यांत कपडे, रंग, नाच असं काही ना काही विकत घ्या म्हणून सारखा आग्रह असतो. म्हणून बँकेचं कार्ड यंत्रात नोंदवूच नका. हवं तेव्हा ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड घ्या. मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली उघडलंत, तर महिन्याचा खर्च आणि रोजचे तास दोन्ही तुम्हाला बांधून देता येतात. 'अकाउंटसकट स्वस्तात गेम' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते नियमाबाहेरचं असतं, उद्या खातं बंद झालं तर दाद कुणाकडे मागणार?

विजेची काळजी असेल, तर प्लेस्टेशन फाइव्हसारखं मोठं यंत्रही खेळताना साधारण दोनशे वॅट घेतं. म्हणजे पाच तासांना एक युनिट. टीव्हीचं वेगळं. जुना स्लिम त्याहून कमी घेतो. आणि डिस्कच्या वेष्टणावर वयाचा आकडा असतो. १८ लिहिलेला खेळ आठवीतल्या मुलाने कितीही गळ घातली, तरी घ्यायचा नाही.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा २०२० सालचा खेळ मला मनापासून आवडला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी त्यात नायिका आहे.

पत्र पाठवणाऱ्या ताईंना शेवटचं सांगते. पहिली डिस्क 'ओव्हरकुक्ड'ची घ्या. त्यात दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं असतं. चिरायचं, शिजवायचं, वाढायचं आणि ताटल्याही घासायच्या. दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या. पहिले चार दिवस तुम्ही सगळं करपवाल आणि मुलगा तुमच्यावर ओरडेल. ओरडू दे. बोलायचा बंद झाला होता, तो बोलायला तर लागला! ताटल्या घासल्याशिवाय पुढचं ताट वाढता येत नाही, हेही त्याला कुणी न सांगता कळेल.

आणि शेजारच्या त्या मित्राला एके संध्याकाळी आवर्जून खेळायला बोलवा. त्याच्या आईलाही चहाला बोलवा. रेशनकार्डाचा विषय काढू नका.

घरघंटी पुढच्या भिशीला. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.