‘बटना’मागचं मन

ऑक्टोबर २०२३ मध्ये पैठण एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर छापा पडला आणि आपलं छत्रपती संभाजीनगर एकदम देशभरच्या बातम्यांत आलं. कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन... किंमत म्हणे अडीचशे कोटींच्या वर! चार दिवस घरोघरी तोच विषय होता. पण मैत्रिणींनो, असला कोटींचा माल आपल्या गल्लीतल्या पोरांना परवडत नाही. आपल्या गल्लीत येतं ते ‘बटन’. पोलिसांनी बटन गोळ्या पकडल्याची बातमी आता इतकी नेहमीची झालीय, की आपण ती न वाचताच पान उलटतो.

हे बटन म्हणजे कुठून तरी चोरून आणलेलं परदेशी विष नव्हे. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशी त्यांची नावं. ज्याला झोप लागत नाही, ज्याचा जीव घाबरा होतो, त्याला डॉक्टर लिहून देतात त्याच या गोळ्या. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. २०१४ पासून तर मेडिकलवाल्याला त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट. तरीही पानटपरीच्या आडोशाला त्या मिळतात, ते कसं याचा तपास पोलिसांनी करावा. आपण बायकांनी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. झोपेची गोळी हा पोरगा झोपण्यासाठी घेत नाही. मग घेतो कशासाठी?

‘संगत वाईट’ हे आपलं ठरलेलं उत्तर. संगतीमुळे पहिली गोळी हातात आली, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिकडे का गेला, हे त्यातून कळत नाही.

आपल्या मेंदूला निसर्गानेच ब्रेक दिलेला असतो. ही गोळी तो ब्रेक जोरात दाबते. काळजी, भीती, लाज सगळं मंद होतं. बारावीत दोनदा नापास झालेल्या, वाळूजच्या कंपनीत कंत्राटदाराकडे रात्रपाळी करणाऱ्या, घरी आलं की वडिलांचे टोमणे ऐकणाऱ्या मुलाला तासभर काहीच टोचत नाही. त्याला मजा हवी असते असं आपण समजतो, पण पुष्कळदा त्याला हवं असतं ते नुसतं न टोचणं. पुढे मेंदूला सवय लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. लाजेबरोबर भलंबुरंही पुसलं जातं, म्हणून भांडणात चाकू काढणाऱ्याला सकाळी काही आठवतसुद्धा नाही. आणि वर दारू घेतली तर श्वासच मंदावतो, जीवही जाऊ शकतो.

तरी एक गोष्ट आधी मान्य करू या. नेहमीच्या मनातून थोडा वेळ बाहेर पडावं, ही ओढ काही वाया गेलेल्या पोरांचीच नसते. मंगळागौरीला फुगडी घालतो तेव्हा डोळ्यांपुढे घर फिरायला लागतं आणि तेच तर आपल्याला आवडतं ना? नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला जाऊन आलेल्या किती जणींनी अंगात आलेली बाई पाहिली असेल. केस मोकळे, आवाज बदललेला. एरवी घरात वर मान न करणारी सून त्या वेळी सासऱ्याला नाव घेऊन जाब विचारते आणि सगळे हात जोडून ऐकतात! श्रद्धेचा भाग बाजूला ठेवते. मला त्यात दिसतं ते एवढंच, की जे शुद्धीत बोलता येत नाही, ते बोलायला माणसाला दुसरी अवस्था लागते. बायकांना ती देवीच्या नावाने मिळाली. पुरुषांनी ती बाटलीत शोधली. आजची पोरं स्ट्रिपमध्ये शोधताहेत.

आणि मिशरी? पहाटे उठल्याबरोबर, पोटात अन्नाचा कण नसताना, बोटावर घेतलेली ती काळी पूड. ‘त्याशिवाय तरतरी येत नाही’ असं कितीजणी म्हणतात. ती तंबाखूच आहे बरं. धुणीभांडी, शेत, पोरं हे सगळं रेटायला मन थोडं बदलून घ्यायचं, इतकंच.

माणूस कोणत्या परिस्थितीत आहे यावर किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण सांगते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते परतले की देशभर गर्दुल्ले होतील, अशी सरकारला धास्ती. १९७१ मध्ये परतलेल्यांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. तिकडे व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरात पाचच्या आसपास! कारण ते युद्धातून घरी आले होते, जागा बदलली, माणसं बदलली. आपला मुलगा मात्र व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतो आणि त्याच कट्ट्यावर, त्याच रिकाम्या दुपारीत, त्याच टोमण्यांत परततो. मग घसरला की आपण म्हणतो, याच्यात दमच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून तिथे व्यसन हा आजार मानूनच काम चाललं आहे. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे, कारण घरातली बाई सावरल्याशिवाय घर सावरत नाही. आपल्याकडे मात्र पोराच्या खिशात स्ट्रिप सापडली की पहिला प्रश्न येतो, ‘आईचं लक्ष कुठं होतं?’ वडिलांना हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा स्ट्रिप सापडलीच तर आधी एक करा. रागाच्या भरात गोळ्या गटारात टाकून त्याला खोलीत कोंडू नका. बरेच दिवस घेतलेल्या या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात. हे सासूबाईंच्या उशाशी असलेल्या गोळीलाही लागू आहे. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं ती आणत असाल तर एकदा डॉक्टरांना दाखवा. घाटीत मानसोपचार विभाग आहे. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला पैसे पडत नाहीत. आणि मुलाला ‘का घेतलीस?’ असं दरडावण्याऐवजी ‘घेतल्यावर काय बरं वाटतं?’ असं विचारून बघा. उत्तर यायला दोन-चार दिवस लागतील, आणि येईल तेव्हा त्यात गोळीचं नाव कदाचित नसेलही.